लकव्यानंतर पुन्हा पाऊल : चालण्याने मेंदू कसा शिकतो?



धानावरील तुडतुडे, खताची मात्रा, पऱ्ह्यांची निगा यांवर आपण नेहमीच वाचता. आजचा विषय थोडा निराळा आहे. पण तो शेतीबाहेरचा आहे असे मात्र समजू नका. घरातला कर्ता माणूस सकाळी उठतो आणि त्याचा एक हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते. गावात बोलतात, "लकवा मारला." त्या दिवसापासून त्या घरात नांगर कोण धरणार, रोवणीच्या बाया कोण बोलावणार, सोसायटीचे कर्ज कसे फिटणार असे प्रश्न उभे राहतात. खाटेवर पडलेला माणूस एकटा पडत नाही, त्याच्याबरोबर सारी शेती पडते.

हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा, असा आपला जुना समज आहे. तो आता सोडला पाहिजे. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी उभी केलेली 'सर्च' ही संस्था आहे. तेथील मेंदूविकार तज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की, त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा हेच होते. साधारण दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू लकव्याने झालेला होता. गडचिरोलीचे जंगल, धान, तलाव आणि माणसे आपल्या गोंदिया जिल्ह्यासारखीच. तेव्हा हा इशारा आपल्यालाही आहे.

मी कृषी शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण लकव्यातून वाचलेला माणूस पुन्हा चालू लागतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते, हे समजून घेतले तर घरातील सर्वांना योग्य मदत करता येते. ते समजायला शेतकऱ्याला फारसे अवघड नाही. पाणी, पाट आणि वाट यांचेच ते शास्त्र आहे.

लकवा म्हणजे मेंदूचे पाणी तुटणे

लकवा हातापायाला होतो असे दिसते, पण बिघाड असतो मेंदूत. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गाठ अडकते किंवा नळी फुटते. बहुतेक वेळा गाठच अडकलेली असते. नहराचे पाणी तुटले की शेवटच्या बांध्यांतील धान आधी वाळते, तसा रक्त न मिळालेला मेंदूचा भाग मरू लागतो. फरक इतकाच की धान चार दिवस तग धरते, मेंदू मिनिटांचा हिशेब मागतो. तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे मोठी नळी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

म्हणून तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोली अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले की १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. मेंदूचा फोटो काढता येईल अशा दवाखान्यात रुग्ण लवकर पोचला व नळीत गाठ असल्याचे दिसले, तर गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते. पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांतच. पारव्याचे रक्त चोळणे, झाडपाल्याचा लेप, मंत्र-उतारा यांत गेलेला वेळ परत मिळत नाही.

चालणे हे कोणाचे काम?

आपण म्हणतो, पाय चालतात. खरे तर पाय हे मजूर आहेत, मुकादम वर आहे. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर, डोक्याच्या मध्यरेषेजवळ, पायांना हुकूम देणारा भाग असतो. तेथून निघालेल्या मज्जातंतूंपैकी बहुतेक मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी एकमेकांना ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली उतरतात. म्हणूनच मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते.

पण प्रत्येक पावलाचा हुकूम वरून येत नाही. १९११ साली ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, मेंदूकडून येणारी वाट तोडली तरी मज्जारज्जू स्वतःच पाऊल टाकण्याची लय निर्माण करू शकतो. एक पाय वाकणे, दुसरा सरळ होणे, पुन्हा उलट, ही लय तेथेच वसलेली असते. जुना बैल धुरकऱ्याला झोप लागली तरी गाडी घराकडे आणतो, तसेच हे. माणसाच्या चालण्यात मात्र मेंदूच्या हुकमाचा वाटा जनावरांपेक्षा मोठा आहे. लहान मेंदू तोल सांभाळतो, डोळे वाट पाहतात, आणि तळपायाची कातडी व सांधे 'जमीन लागली, भार आला' अशी वर्दी सतत वर पाठवतात. पाऊल टाकणे म्हणजे या साऱ्यांचे एकत्र काम होय.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. लकव्यात सहसा मेंदूचा काही भाग जातो. मज्जारज्जू शाबूत असतो, पाय शाबूत असतात, उरलेला मेंदू शाबूत असतो. तुटलेला असतो तो मधला नहर.

फुटलेला नहर आणि शेजारचे पाट

मेलेल्या चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत. मग माणूस पुन्हा चालतो कसा?

पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत इजेभोवतीची सूज उतरते. जे भाग मेले नव्हते, नुसते बधिर होऊन बसले होते, ते जागे होतात. अतिवृष्टीत बुडालेल्या बांधीतले पाणी ओसरल्यावर काही रोपे पुन्हा मान वर काढतात, तसे हे. ही सुधारणा पुष्कळशी आपोआप होते.

खरे काम त्यानंतरचे. मेंदूत मुख्य नहराशिवाय लहान-लहान पाट असतातच. एरवी त्यांच्यातून पाणी फारसे वाहत नाही. मुख्य वाट बंद झाली आणि माणूस पाय उचलण्याची धडपड करू लागला की हे पाट उघडू लागतात. शेजारच्या चेतापेशी नवे फुटवे सोडतात, एकमेकींशी नवे सांधे जुळवतात. ज्या सांध्यातून निरोप वारंवार जातो तो पक्का होतो. ज्यातून जात नाही त्यात गवत माजते आणि तो बुजतो. धुऱ्यावरची पायवाट कोणी खोदत नाही, रोजच्या पावलांनीच ती पडते. एक पावसाळा कोणी गेले नाही तर ती दिसेनाशी होते. मेंदूचेही नेमके तसेच आहे.

ही नुसती उपमा नव्हे. १९९६ साली अमेरिकेतील रँडॉल्फ नूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान जातीच्या माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. माकडांच्या मेंदूत हाताचा हुकूम देणाऱ्या भागाला छोटीशी इजा केली होती. ज्या माकडांना त्याच हाताने बारीक खळग्यांतून खाद्य उचलण्याचा रोज सराव दिला, त्यांच्या मेंदूत इजेशेजारचा हाताचा भाग टिकून राहिला. काहींत तर तो शेजारच्या जागेत पसरला. मात्र असाच सराव न मिळालेल्या माकडांत इजेच्या बाहेरचा, चांगला असलेला भागही आकसत गेलेला आढळला होता. म्हणजे पडीक ठेवलेले शेत जसे नुसते पडून राहत नाही, हळूहळू जंगलात जाते, तसा न वापरलेला मेंदूही हातचा जातो.

माणसाचेही एक उदाहरण शास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमधील पेद्रो बाख-इ-रिता या वृद्ध प्राध्यापकांना १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबर लकवा झाला. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या जॉर्ज या मुलाने त्यांना तान्ह्या लेकरासारखे आधी रांगायला, मग भिंतीच्या आधाराने सरकायला, मग उभे राहायला शिकवले. म्हाताऱ्याला अंगणात रांगताना पाहून शेजारीपाजारी नावे ठेवीत. पण ते गृहस्थ पुन्हा चालले, पुन्हा शिकवू लागले. १९६५ साली डोंगर चढताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा मेंदूची तपासणी केली असता, मेंदूकडून खाली येणाऱ्या तंतूंचा बहुतांश भाग नष्टच असल्याचे दिसले. तुटलेला नहर कधी दुरुस्त झालाच नव्हता. उरलेल्या पाटांनी शेत भिजवले होते. त्यांचे दुसरे पुत्र पॉल यांनी पुढे मेंदूच्या नव्याने शिकण्याच्या शक्तीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले.

चालायला चालूनच शिकावे लागते

यातून तीन नियम निघतात.

पहिला, जे हवे त्याचाच सराव हवा. खाटेवर निजून पाय चोळून घेतल्याने बरे वाटते, आखडलेला सांधा मोकळा होतो. पण चोळणाऱ्याचे हात काम करतात, रुग्णाचा मेंदू नव्हे. गोऱ्ह्याला गोठ्यात उभे करून गोंजारल्याने तो नांगराला शिकत नाही, जू मानेवर घ्यावेच लागते.

दुसरा, पावले पुष्कळ हवीत. अमेरिका व कॅनडातील दवाखान्यांत काही तज्ज्ञांनी मोजून पाहिले तेव्हा चालण्याच्या एका उपचारफेरीत रुग्ण सरासरी साडेतीनशेच्या आसपास पावले टाकीत असल्याचे दिसले. शेतात राबणारा माणूस दिवसाला हजारोंनी पावले टाकतो. तेव्हा दवाखान्यातील व्यायाम ही सुरुवात समजावी, उरलेली पावले घरी पडली पाहिजेत.

तिसरा, वेळ साधावी. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत ती चालू राहते, पुढे सावकाश होते. पण सहा महिन्यांनी दार बंद होते हा समज चुकीचा आहे. वर्ष उलटून गेलेल्यांचेही चालणे सरावाने सुधारते. फक्त हंगामात पेरलेल्याचे पीक अधिक येते, एवढे लक्षात ठेवावे.

घाई नको, ढिलाईही नको

मग पहिल्याच दिवशी उठवून चालवावे का? नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पहिल्या २४ तासांतच उठवून जोरात व वारंवार चालना दिलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा थोडी वाईटच आढळली. रोवलेल्या धानाला मुळे धरण्याआधी कोणी ओढून पाहत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच उठवावे, आणि सुरुवात थोड्या-थोड्या वेळाने करावी.

भारी यंत्रे आपल्याजवळ नाहीत म्हणूनही खचू नये. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोरांनी शरीर तोलून सरकत्या पट्ट्यावर चालवण्याचा उपचार आणि तज्ज्ञाने घरी येऊन करून घेतलेला बळ व तोल यांचा व्यायाम यांची तुलना केली. वर्षअखेरीस दोन्हींकडे फळ सारखेच, सुमारे निम्म्या रुग्णांचे चालणे वरच्या पायरीला गेले होते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. घरच्यांना थोडे शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवला, तर नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लाभ होतो का, हे तीत पाहिले. सहा महिन्यांनी जास्त लाभ दिसला नाही. याचा अर्थ घरच्यांची मदत वाया जाते असा नाही. तज्ज्ञाची नजर वारंवार लागते, असा मी घेतो. एकदा माती तपासून कोणी दहा वर्षे खत टाकत नाही. गोंदियाला २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे किंवा आपल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात व्यायामोपचार तज्ज्ञाची चौकशी करा. ठरावीक दिवसांनी रुग्णाला दाखवा आणि पुढचा व्यायाम समजून घ्या.

अंगणातील बांबूची वाट

देवरी तालुक्यातील एका गावी पीक-प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने माझे जाणे होत असे. तेथील एका शेतकऱ्याला धानकापणीच्या दिवसांत लकवा झाला व डावे अंग गेले. दवाखान्यातून घरी आल्यावर बायको व सून त्याला पाणीसुद्धा हाताने घेऊ देईनात. ते प्रेमच होते. पण महिनाभरात पाय वाळत चालला आणि माणूस भिंतीकडे तोंड करून निजू लागला. मुलाने मग व्यायामोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने अंगणात बांबूची वाट उभारली. होळीपर्यंत तो शेतकरी काठीने गोठ्यापर्यंत जाऊ लागला. पुढच्या रोवणीला तो धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजत होता. हात पूर्वीसारखा झाला नाही, चिखलात तो पुन्हा उतरला नाही. पण घरचा कारभार पुन्हा त्याच्या शब्दाने चालू लागला. लकव्याशी लढाईत जिंकणे पुष्कळदा असेच असते.

ही वाट कोणालाही करता येईल. दहा-बारा फूट लांब सपाट, कोरडी जागा घ्यावी. दोन्ही बाजूंना मजबूत खुंट खोल गाडून त्यांवर आडवे बांबू पक्के बांधावेत. उंची रुग्णाच्या कमरेच्या सांध्याएवढी, म्हणजे बांबू धरताना कोपर किंचित वाकेल अशी असावी. दोन बांबूंमध्ये माणूस सहज मावेल इतके, दोन फुटांहून थोडे अधिक अंतर ठेवावे. बांबू तासून गुळगुळीत करावा, टोकाला बसायला खुर्ची ठेवावी. तज्ज्ञाने परवानगी दिल्यावर क्रम साधारण असा असतो :

१. खाटेवर कुशीला वळणे व आधाराशिवाय बसणे.
२. खुर्चीवरून उठणे-बसणे. याने मांडीत बळ येते. उठताना भार दोन्ही पायांवर यावा.
३. बांबू धरून उभे राहणे व भार हळूहळू कमजोर पायावर देऊन पाहणे. 'जमीन लागली' ही वर्दी मेंदूला येथूनच मिळते.
४. बांबूमध्ये पावले टाकणे. सुरुवातीला दहा पावले व विश्रांती, मग रोज थोडी वाढ.
५. पुढे काठी. काठी चांगल्या हातात धरावी. आधी काठी, मग कमजोर पाय, मग चांगला पाय.
६. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

मदत करणाऱ्याने कमजोर बाजूला, किंचित मागे उभे राहावे व कमरेला बांधलेला पट्टा किंवा घट्ट गमछा धरावा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. सैल चपला नकोत. पंजा खाली लोंबत असेल तर त्यासाठीच्या पट्टीबद्दल तज्ज्ञाला विचारावे. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे असे काही झाल्यास लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. पडणे हा या दिवसांतला मोठा शत्रू आहे. अंगणातील शेवाळ, उंबरठ्याशी पडलेले सामान, अंधारी न्हाणी यांची आधी व्यवस्था करावी.

पावलांना ठिकाण द्या. "वीस पावले चाला" यापेक्षा "गोठ्यापर्यंत जाऊन गाईला चारा टाका" हे बरे. मन गुंतले की मेंदू लवकर शिकतो. रोजची पावले लेकरांना पाटीवर लिहू द्या. रुग्ण चिडतो, रडतो, गप्प राहतो. तो हट्टी झाला असे समजू नका. मेंदूच्या इजेने व परावलंबनाच्या दुःखाने असे होते. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा. आणि वेळ त्याची त्याला लागू द्या. सदरा घालायला दहा मिनिटे लागली तर लागोत. आपण घालून दिला तर दोन मिनिटांत होते खरे, पण त्या दिवसाचा सराव बुडतो.

पुन्हा नहर फुटू नये म्हणून

एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो. रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नये. खर्रा, बिडी व दारू सोडावी, लोणचे-पापड व वरचे मीठ कमी करावे, साखर तपासावी. ज्यांना अजून काही झालेले नाही त्यांनीही तिशीनंतर रक्तदाब मोजून घ्यावा. वाढलेला दाब दुखत नाही, बोलत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे; त्या आजाराच्या लेकरांनाही लकवा होऊ शकतो, म्हणून त्यांची तपासणी चुकवू नये.

बंधू-भगिनींनो, फुटलेल्या पाळीकडे पाहत कपाळाला हात लावून बसणारे आपण नव्हे. आपल्या पूर्वजांनी या जिल्ह्यात कुदळ-फावड्याने तलाव बांधले, पाट काढले आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी नेले. आपल्या गल्लीत कोणी लकव्याने खाटेवर असेल तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. नुसती विचारपूस करून परतू नका. दोन बांबू आणि चार खुंट घेऊन जा, आणि त्याला तज्ज्ञाकडे नेण्याचा दिवस ठरवूनच उठा.